परसात मुलांनी शेड बांधायची असेल तर

चौदा-सोळा वर्षांची, घरीच शिकणारी मुलं आणि घरामागे थोडी मोकळी जागा, एवढं असेल तर त्यांना कुंड्यांचा स्टँड करायला लावू नका. विटेची भिंत बांधू द्या. मी बांधकाम खात्यात सबइंजिनिअर होते, त्यामुळे माझं हे मत जरा एकांगी असेल, असो. भावाची थोरली सोळाची, धाकटा चौदाचा. दोघं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, परीक्षा देतात. सुतारकामासाठी त्यांना शेड हवी होती: खाली कमरेपर्यंत भिंत, वर उघडं, डोक्यावर पत्रा.

आधी मुहूर्त. एनआयओएसच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधले डिसेंबर ते फेब्रुवारी हे इंदूरमध्ये बांधायला उत्तम. ऊन सोसवतं आणि भिंत लवकर सुकत नाही.

मग कामाची वाटणी. पाया, लोखंडी सांगाडा आणि वीज ही तीन कामं मोठ्यांची. भिंत पूर्ण मुलांची. एकदा वाटणी झाली की भिंतीला आपण हात लावायचा नाही, बोलायचंसुद्धा विचारलं तरच.

पाया मोठ्यांचा, कारण आपली माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या हलक्या भिंतीला सहज तडा देते. आमच्या मिस्त्रीभैय्यांनी ६० सेंमी रुंद आणि ९० सेंमी खोल चर घेतला, काळी माती काढली आणि मुरूम भरला. मुरूम एकदम ओतायचा नाही. १५ सेंमीचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस (थर चोपून घट्ट करायचं जड अवजार), मग पुढचा थर. धुम्मस मारायला मुलं चालतात, हौसेने मारतात. वर १:४:८ चं (सिमेंट, रेती, खडी) काँक्रीट आणि जोतं जमिनीपासून ३० सेंमी वर. चरातली माती काठापासून लांब टाका आणि खोदण्याआधी नर्मदेच्या नळाची व ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते बघून ठेवा. मलबा रस्त्यावर टाकायचा विचार तर करूच नका. या शहरात दंड होतो.

चर खोदण्याआधी आखणी, ती मात्र मुलांची. शेड बाहेरून ३ मीटर × २.४ मीटर. कोपऱ्यातून एका दोरीवर ९० सेंमी, दुसरीवर १२० सेंमी खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर १५० आलं की काटकोन. मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ३.८४ मीटर यायला हवेत. पायथागोरस पुस्तकात मुकाट्याने मान्य करणारा धाकटा इथे टेपवर शंका घ्यायला लागला, आणि ते मला आवडलं.

विटांचा हिशोब दुकानदाराला विचारू देऊ नका. १९×९×९ सेंमीची वीट, सांधा १ सेंमी, म्हणजे १ घनमीटरला ५०० विटा. भिंतीची मध्यरेषा १० मीटर, ९० सेंमीचं दार वजा केलं की ९.१. जाडी २० सेंमी, उंची ९० सेंमी: १.६४ घनमीटर. जोत्याच्या वर ८२० विटा, तूट धरून ८६०. तुमच्या भट्टीची वीट वेगळ्या मापाची असेल तर मुलांना पुन्हा मांडायला लावा.

विटा रचायच्या पद्धतीला बाँड म्हणतात. थोरलीला रॅट-ट्रॅप बाँड हवा होता, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केला तो. वीट कडेवर उभी, मधे पोकळी, साधारण पाव हिस्सा विटांची बचत.

"आत्या, पैसे वाचतात ना!"

"पुढच्या भिंतीत वाचव."

पहिल्या भिंतीला साधा इंग्लिश बाँड घ्या. एक थर लांबीने, त्यावरचा रुंदीने, आणि रुंदीच्या थरात कोपऱ्यातल्या विटेशेजारी उभी चिरलेली अर्धी वीट, म्हणजे सांधा सांध्यावर येत नाही. छिन्नीने वीट फोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच.

आता प्रत्यक्ष काम. विटा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. मसाला १:६. सिमेंट आणि रेती आधी कोरडी कालवायची, एकच रंग दिसेपर्यंत, मग पाणी. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. हातात रबरी मोजे. सिमेंटने कातडी भाजते, हे मुलांना खरं वाटत नाही. ५० किलोची गोणी एकट्याने उचलायची नाही.

लाकडी पट्टीवर दर १० सेंमीला खूण करा. प्रत्येक थर त्या खुणेवर आला पाहिजे, नऊ थरांत ९० सेंमी. आधी कोपरे उभारायचे, त्यांच्यात दोरी ताणायची, मग मधल्या विटा. प्रत्येक थराला कोपऱ्यावर ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते बघायला. दिवसाला चारच थर. मुलांचा हात थकला की सांधे जाड होऊ लागतात. वाकडा थर दिसला तर ओल्यातच काढून पुन्हा लावायचा, आणि तो काढायचा की नाही हे ओळंब्याने ठरवायचं, आपण नाही.

पाणी मारणं किमान सात दिवस, पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. नळाला रोज पाणी नसेल तर भिंतीवर ओलं बारदान टाकून ठेवा.

पत्र्याआधी मुलांना इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यावर घेऊन जा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. जड खाली, हलकं वर. आपला पत्राही याच न्यायाने. चार कोपऱ्यांचे पाइप पायातच धरलेले, सांगाड्याचं वेल्डिंग कारागिराकडे, हूक आणि वॉशर मुलांनी सियागंजच्या बाजारातून घासाघीस करून आणलेले. पुढची उंची २.७ मीटर, मागची २.२, आणि उतार शेजाऱ्यांच्या भिंतीकडे नाही. नालीदार पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात पाडलंत तर गळणारच.

रोजचं काम वहीत लिहायला लावा, आमच्या खात्याच्या माप-पुस्तकासारखं: तारीख, लांबी, रुंदी, उंची, सिमेंट किती, सही दोघांची. चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. फरशी मात्र लगेच घालू नका. एक पावसाळा जाऊ द्या, माती बसू द्या, आणि भेग दिसली तर तिची लांबी त्याच वहीत उतरवा.