खासगी विद्यापीठाचं लॉ स्कूल: फी भरण्याआधी काय तपासायचं

सीईटी किंवा क्लॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेचा निकाल हातात आहे आणि टेबलावर एका खासगी विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलंय. त्यात ‘तंत्रज्ञान व कायदा केंद्र’ आहे, ‘लोकहित केंद्र’ आहे आणि काचेच्या इमारतीचा फोटोही आहे. दाखले, डोमिसाईल, जात पडताळणी तुम्ही उरकलेलीच असणार, त्यावर शब्द घालवत नाही. ‘कॅम्पस बघून ठरवा’ हा सल्ला मात्र आधी बाजूला ठेवा. कॅम्पस बघून फक्त बांधकाम कळतं.

मान्यतेचं पत्र

विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं स्थापन झालंय, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) यादीत आहे, एवढ्यावर वकिलीची सनद मिळत नाही. त्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते आणि ती अभ्यासक्रमागणिक वेगळी असते. बीए एलएलबीला असेल, त्याच इमारतीतल्या बीबीए एलएलबीला नसेल. वेबसाईटवरचं बोधचिन्ह पुरेसं नाही. पत्राची प्रत मागा आणि त्यात अभ्यासक्रमाचं नाव, मंजूर तुकड्या आणि मान्यता कुठल्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, एवढं वाचा. एका तुकडीत साठच विद्यार्थी घेता येतात. मंजुरी दोन तुकड्यांची आणि पहिल्या वर्षाला १८० पोरं असतील, तर तिथून उठा.

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलनं नव्या लॉ कॉलेजांना तीन वर्षांची बंदी घातली. चालू संस्थांनाही नवा अभ्यासक्रम किंवा वाढीव तुकडी पूर्वपरवानगीशिवाय सुरू करता येत नाही. तेव्हा ‘यंदापासून नवीन’ अशा कोर्सबद्दल विचारल्यावर ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं, तर तो नकारच समजा. ऑनलाईन किंवा दूरस्थ एलएलबीवर सनद मिळत नाही, कुणी काहीही सांगो.

क्लिनिक खरं की फलकापुरतं

इथं वेळ घालवा, कारण बहुतेक पालक इथंच भुलतात. २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजनं विधी सहाय्य केंद्र, म्हणजे लोकांना कायदेशीर मदत देणारं ‘क्लिनिक’, चालवायचंच असतं. देखरेख ज्येष्ठ प्राध्यापकाची, काम शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं आणि सहकार्य विधी सेवा प्राधिकरणाचं (गरजूंना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा), अशी ती रचना आहे. म्हणजे ‘आमच्याकडं क्लिनिक आहे’ ही मिरवायची गोष्टच नव्हे.

खरी गोम वेगळीच आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही आणि विद्यार्थ्याच्या नावानं वकीलपत्र होत नाही. मग केंद्रात आलेल्या माणसाचं प्रकरण कोर्टात चालवणार कोण? हा एकच प्रश्न प्रवेश कक्षात नाही, तर क्लिनिक सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. याची सरळ उत्तरं दोनच आहेत. एक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील ठरलेल्या वारी येतात. दोन, कोर्टात रोज उभे राहणारे वकील इथं अर्धवेळ शिकवतात (दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायला नियमांची मुभा आहे) आणि तेच प्रकरणं हातात घेतात. यातलं काहीच नसेल, तर ते क्लिनिक म्हणजे वर्षाकाठी एक गाव, एक बॅनर आणि एक ग्रुप फोटो. जनजागृती फेरी काढण्यात वाईट काही नाही, पण तिच्यातून कुणी वकिली शिकत नाही.

मग नोंदवही मागा. पक्षकारांची नावं झाकून दाखवायला हरकत नसते. तारीख, तक्रार, कुणाकडं सोपवली आणि पुढं काय झालं, हे चार रकाने बघा. पहिले तीन भरलेले आणि चौथा कोराच असेल, तर अर्ज लिहून देऊन माणसाला वाटेला लावलंय. एप्रिल-मेची पानं मुद्दाम उघडा. परीक्षा आणि सुट्टीत पोरं गेली की क्लिनिकला कुलूप लागतं, आणि मुदती नेमक्या तेव्हाच टळतात.

उदाहरण माहिती अधिकाराचं घ्या. अर्ज करणं सोपं असतं. महाराष्ट्रात एक विषय, दीडशे शब्दांची मर्यादा आणि दहा रुपये फी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील करायचं असतं, आणि तिथंच सगळे थंडावतात. म्हणून अर्ज दाखवले तर भारावून जाऊ नका, अपिलाची प्रत मागा. चालत्या क्लिनिकमध्ये मुदतींची वेगळी वही असते आणि एक तुकडी बाहेर पडताना ती पुढच्या तुकडीच्या हातात देते.

भाषेकडं बहुतेकांचं लक्षच जात नाही. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. गडहिंग्लज किंवा गारगोटीच्या कोर्टात काम करायचं तर वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं उत्तर), प्रतिज्ञापत्र मराठीत लिहिता आलं पाहिजे. मसुदालेखन हा सक्तीचा विषय आहे, पण बऱ्याच खासगी विद्यापीठांत तो फक्त इंग्रजीतून होतो. मराठी मसुद्याचा सराव होतो का, हे विचारल्यावर समोरचा हसला, तर उत्तर मिळालं.

पडताळणीचा सोपा मार्ग एकच. कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन या कॉलेजची पोरं इथं येतात का, हे विचारा. कोल्हापुरात ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विचारता येतं. पाच मिनिटांत कळतं.

तंत्रज्ञान केंद्राची परीक्षा

‘एआय’, ‘ब्लॉकचेन’ हे शब्द आणि पाहुण्यांच्या व्याख्यानांची यादी बघू नका. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि व्हॉट्सअॅप चॅट पुरावा म्हणून कोर्टात कसं द्यायचं, ते विचारा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (तिचा डिजिटल ठसा) लिहावं लागतं. पोरानं ते कधी भरून पाहिलं नसेल, अजून जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब सांगत असेल, तर केंद्र कागदावरच आहे.

दुसरा प्रश्न तंत्रज्ञान आणि लोकहित दोन्हींना धरून. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याच्या खात्यात फसवणुकीच्या साखळीतले काही रुपये यूपीआयनं आले आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँकेनं खातं गोठवलं. त्यानं काय करावं? ‘१९३० वर फोन’ हे उत्तर चुकीचं आहे, ती हेल्पलाईन पैसे गेलेल्यासाठी. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्यायचं, बिल-पावत्या जोडून त्या तपास अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, वादातल्या रकमेपुरतंच खातं गोठवायची मागणी करायची आणि दाद लागली नाही तर न्यायालयात जायचं, एवढं तरी पोरांना यायला हवं.

तिसरा जरा अवघड आहे, पण दोन्ही केंद्रं मिरवणाऱ्या संस्थेला विचारायलाच हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायच्या तरतुदीत, बदल केला. गावातल्या घरकुलाची यादी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली, तर अपिलात काय लिहायचं? यावर केंद्रानं एखादं टिपण काढलंय का, जानेवारी २०२५ मध्ये या डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला तेव्हा काही लिहून पाठवलंय का, ते बघा. विद्यार्थ्यांच्या नावासह एक टिपण दहा परिसंवादांपेक्षा मोलाचं.

जाता जाता ग्रंथालयात एससीसी ऑनलाईन किंवा मनुपात्र (कोर्टाचे निकाल शोधायचे डेटाबेस) समोर उघडून दाखवायला सांगा. घरून लॉगिन होतं का, तेही.

इंटर्नशिप

तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०, आणि सलग चारपेक्षा जास्त नाही. कॉलेज पुण्यात असो की दिल्लीजवळ, सुट्टीत कोल्हापूरला या. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची कामं तिथं येतात. एक सुट्टी तिथं, एक तालुका कोर्टात. कॉर्पोरेट ऑफिसात झेरॉक्स काढण्यापेक्षा हे बरं.

पैसे

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या बऱ्याच शिष्यवृत्ती योजनांतून खासगी आणि अभिमत विद्यापीठं वगळलेली असतात. ‘स्कॉलरशिप मिळून जाईल’ या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, समाजकल्याण कार्यालयात संस्थेचं नाव घेऊन विचारा. पाचही वर्षांची फी, दरवर्षीची वाढ, हॉस्टेल, मेस, परीक्षा शुल्क असं सगळं एका कागदावर सहीशिक्क्यानिशी मागा. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती असेल तर ती पुढं टिकायला किती गुण लागतात, ते त्याच कागदावर लिहून घ्या. जागा अडवण्यासाठी ‘आजच्या आज’ पैसे मागितले, तर आधी प्रवेश रद्द केल्यास परतावा किती आणि कधी, ते वाचा, मग खिशात हात घाला.