भटकं मांजर पाळायचंय? या चुका टाळा

सोसायटीच्या मीटर रूममध्ये, जिन्याखाली, नाहीतर कुणाच्या स्कूटरच्या कव्हरखाली मांजरी व्यालेली सापडते आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एक ठेवून घेऊ या ना." घ्या की. पण अशा वेळी पुढे जे बिनसतं ते माया कमी पडली म्हणून क्वचितच. आपण नेमकं कुठलं मांजर उचललं, इथेच घोळ झालेला असतो.

मांजर न ओळखताच घरात आणणं

एक मांजर असतं हरवलेलं किंवा कुणीतरी सोडून दिलेलं. ते सुरुवातीला लपतं, पण थोड्या दिवसांत शेपटी उभी करून जवळ येतं आणि तुमच्या तोंडाकडे बघून म्यांव करतं. दुसऱ्याला माणसाचा हात कधी लागलेलाच नसतो. ते आवाज करत नाही, भिंतीच्या कडेकडेने अंग चोरून सटकतं, आणि ताटली ठेवून तुम्ही आत गेल्याशिवाय तोंड लावत नाही. पहिलं लवकरच तुमच्या सोफ्यावर हक्क सांगेल. दुसऱ्याचं वय बघावं लागतं.

माणूस हा धोका नाही, हे पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात शिकतं. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू बहुधा थोड्या दिवसांत माणसाळतं. चार महिन्यांच्या पिल्लाला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. पूर्ण वाढलेला, गल्लीत मारामाऱ्या करून कान फाटलेला बोका कदाचित कधीच मांडीवर येणार नाही. त्याला वन बीएचकेत कोंडून "बघा, वाचवला" म्हणणं मला तरी पटत नाही. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर नसबंदी झालेली आहे असं समजा. म्हणजे त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष असण्याची शक्यता बरीच.

गावाकडच्यांसाठी एक वेगळी सूचना. ऊसतोडणीच्या वेळी फडात सापडणारी 'मांजराची पिल्लं' पुष्कळदा रानमांजराची किंवा वाघाटीची (हेही एक छोटं जंगली मांजर) असतात. ती पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पिल्लं जागची हलवू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रात्री आई न्यायला येते.

आई असताना पिल्लू उचलणं

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. ती एकेक पिल्लू हलवत असते, तेवढ्यात मागे राहिलेलं आपल्याला 'अनाथ' वाटतं. दोन-तीन तास लांबूनच लक्ष ठेवा. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजावं लागतं, ऊब द्यावी लागते, आणि शी-शू करवण्यासाठी ओल्या कापसाने हळूच पुसावं लागतं. गाईचं दूध पाजू नका, जुलाब होतात.

पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं सोडणं

सगळ्यात जास्त माणसं इथे हरतात. घाबरलेलं मांजर पहिल्या पाच मिनिटांत फ्रिजच्या मागे, पलंगाच्या बॉक्समध्ये किंवा माळ्यावर जातं. मग त्याला काठीने हुसकायचं, ते फिस्कारणार, आपण ओरडणार. संपलं!

एकच छोटी खोली ठरवा. बाथरूमही चालेल. वॉशिंग मशीनच्या मागची फट, खिडकीची काच, एक्झॉस्ट फॅनचं भोक आधी बंद करा. लपायला बाजूने दार कापलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवा; लपणं त्याचा हक्क आहे, फक्त तुम्हाला हात पोचेल अशा जागी. विकतचं लिटर, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची वाळू, बाहेरच्या मांजराला कळतंच असं नाही, म्हणून सुरुवातीला ट्रेमध्ये बागेतली माती मिसळा. ताटली ट्रेपासून लांब हवी.

मग रोज थोडा वेळ नुसतं जमिनीवर बसा. तोंड बाजूला, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, हळू आवाजात पेपर वाचा. लांब दांड्याच्या चमच्यावर बिनमसाल्याचं, कांदा-लसणाशिवाय उकडलेलं चिकन पुढे सरकवा. चमचा चाटायला लागलं की दांडा हळूहळू आखूड धरत या. पहिला स्पर्श गालाला, बोटाच्या मागच्या बाजूने. पोटाला हात लावायची घाई नको. कान मागे पडले, शेपटी आपटायला लागली, की त्याच क्षणी थांबा. पाहुण्यांची मुलं या दिवसांत त्या खोलीत नकोत, मग वहिनींना राग आला तरी चालेल.

डॉक्टरांआधी घरच्या मांजराशी गाठ घालणं

पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार घरातली लस न दिलेली मांजरं बघता बघता नेतो. नवं मांजर किमान दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडी वेगळी, हात धुऊनच इकडून तिकडे. जंताचं औषध आणि लसी डॉक्टरांनाच ठरवू द्या. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात बऱ्याचदा असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेतं. पॅरासिटामॉलही तसंच. एका गोळीनेही मांजर दगावतं.

चावा 'छोटासाच' म्हणून सोडून देणं

मांजराचे दात सुईसारखे. वरून ठिपका दिसतो, पण आत खोल जंतू जातात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोचकारल्यावर रक्त आलं तरी हेच. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मिळते.

जमलं नाही म्हणून लांब नेऊन सोडणं

पोत्यात घालून पुलापलीकडे सोडायची जुनी पद्धत अजून चालू आहे. अनोळखी भागात तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत, अन्न कुठे मिळतं ते त्याला ठाऊक नसतं, किंवा परत येताना ते गाडीखाली सापडतं. त्यापेक्षा प्राणिमित्र संस्थेकडून सापळा-पिंजरा मागून घ्या आणि नसबंदी करून घ्या. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, त्यामुळे थांबू नका. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस पिंजऱ्यात ठेवून, जिथून पकडलं तिथेच सोडायचं. खाणं रोज ठरलेल्या वेळी द्या, आणि खाऊन झाल्यावर ताटली उचला, नाहीतर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तुम्हीच.