फेरीबोटीतली रेखाटनवही

गोव्यातल्या रायबंदरहून चोडणला रोज फेरीबोटीने जाणाऱ्याने रेखाटनाचा सराव घरीच करण्याचा हट्ट सोडावा, कारण घरी पाहुणे, दूरदर्शन आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या हाका असतात, तर मांडवी नदी ओलांडताना हातांना दुसरे काम नसते. खिशात मावेल एवढी वही आणि एकच ४बी पेन्सिल पुरे. खोडरबर मुद्दाम घेऊ नये, अर्धा वेळ खोडण्यातच जातो. बोटीने धक्का सोडताच मोबाईल पिशवीच्या तळाशी घालावा आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत काठावरच्या खारफुटीची गुंतलेली मुळे काढावीत, मग चित्र अर्धवट राहिले तरी चालेल. गणेश चवथीच्या धांदलीत खंड पडतोच (माझा दर वर्षी पडतो). तेव्हा बुडलेल्या दिवसांची भरपाई करत न बसता माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधलेला सुपारीचा एखादा घोस रेखाटावा.