गाडी टायर खातेय? अलाइनमेंटला नेताना या चुका टाळा

माझी गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढायची. महिन्याभरात दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मापात बसवणं, करून घेतलं. दोन्ही वेळा मशीनवरचे आकडे हिरवेगार, म्हणजे मापात, आणि गाडी आपली डावीकडेच. तिसऱ्या मेकॅनिकने मशीन सुरूच केलं नाही. चक्कर मारून आला आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरून बघितला. डावं चाक चांगलंच तापलं होतं. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकून ब्रेक धरून राहिला होता, त्याला अलाइनमेंट काय करणार?

तेव्हा गाडी ओढली की थेट मशीनवर चढवायची, ही पहिली चूक. आधी चारही टायरमधली हवा बघा. मग पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग नको). ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. आणि ८०-१००च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचं, काम असतं. ही दोन कामं वेगळी आहेत, पण बिलावर जोडीने येतात म्हणून आपली गल्लत होते.

टायर स्वतः बरंच सांगतो. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं, तर टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन) बिघडलाय. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर कॅम्बरवर (समोरून बघितलं तर चाक किती आत-बाहेर कललंय तो कोन) संशय घ्या, तरी टोसुद्धा कड खातो हे लक्षात असू द्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ढिल्या पार्टवर अलाइनमेंट करणं. चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं आणि खडखड झाली, तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बघायचा. बारा आणि सहाला धरून हललं, तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश फाटलेत का, तेही खालून दिसतं. हे न बघता जो थेट चाकांना मशीनचे सेन्सर लावायला घेतो, त्याच्याकडून मी तरी गाडी परत घेऊन येईन. आज बसवलेला कोन पुढच्या खड्ड्यात हलणार. उलट, टाय रॉड किंवा लोअर आर्म नवा टाकला की अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं.

प्रिंट मागायला लाजू नका, आणि आधीची व नंतरची दोन्ही मोजमापं मागा. नुसती नंतरची घेतली तर नेमकं काय बदललं ते कळत नाही. वर गाडीचं मॉडेल बरोबर निवडलंय का बघा. चुकीच्या मॉडेलवरही आकडे हिरवे होतात. एककाकडेही लक्ष असू द्या. ०°३०' म्हणजे अर्धा अंश, पण ०.३०° म्हणजे १८ मिनिटं.

बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टोच तेवढा फिरवता येतो. तिथे कॅम्बर हद्दीबाहेर असेल तर काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं असतं. काही जण जॅक लावून स्ट्रट (शॉक अब्सॉर्बर असलेला खांब) वाकवतात आणि ‘बसवून दिला’ म्हणतात. ते करू देऊ नका, वाकलेला पार्ट बदला.

गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग वाकडं राहतं, असं झालं तर बहुधा स्टिअरिंग मधोमध लॉक न करताच टो फिरवलाय. दोन्ही टाय रॉड कमी-जास्त झालेत. ‘सवय होईल’ यावर जाऊ नका, परत करून घ्या. गाडीत ईएससी (गाडी घसरण्यापासून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर रीसेट करायचा आहे का, तेही विचारा.

पैसे द्यायच्या आधी एक चक्कर मारा, मेकॅनिकला शेजारी बसवून. सपाट, रिकामा रस्ता निवडा, कारण रस्त्याला कडेकडे उतार असला की नीट गाडीही थोडी तिकडे जाते.