आधी डावा अंगठा, मग उजवा: जोडीदाराला व्हिडिओ गेम शिकवताना

कधीच गेम न खेळलेल्या माणसाने दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला की आपण धरून चालतो, त्याला आवड नाही. बहुतेक वेळा गाडं अडतं ते उजव्या अंगठ्यापाशी. डाव्या स्टिकने (अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने) चालायचं आणि त्याच वेळी उजव्या स्टिकने कॅमेरा, म्हणजे गेममधली नजर, फिरवायचा, हे आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की ते शिकावं लागतं हेच आपण विसरतो. नवखा माणूस चार पावलं चालतो, थांबतो, कॅमेरा फिरवतो, पुन्हा चालतो. शेवटी पात्र भिंतीला चिकटलेलं आणि कॅमेरा आभाळाकडे.

म्हणून सुरुवात अशा गेमने करा, जिथे कॅमेरा आपोआप सरकतो. ‘अनरॅव्हल टू’ (2018) त्यासाठी फार चांगला. सगळं बाजूने दिसतं. लोकरीचे दोन बाहुले एकाच धाग्याने बांधलेले असतात, आणि उडी अवघड असली तर एक बाहुला दुसऱ्यात सामावतो. मग तुम्ही दोघांनाही पलीकडे नेऊ शकता. ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ असेल तर गाडी निवडताना प्लस बटण दाबून स्मार्ट स्टीअरिंग (गाडी रस्त्याबाहेर जाऊ देत नाही) आणि ऑटो अ‍ॅक्सिलरेट (गाडी आपोआप पळते) चालू करा. मग हातात फक्त वळवणं उरतं.

बोलताना ‘एक्स दाब’ म्हणू नका. प्लेस्टेशनवर लोक ज्याला एक्स म्हणतात ते बटण खाली असतं, एक्सबॉक्सवर एक्स डावीकडे, निन्टेन्डोवर वर. ‘खालचं बटण’ म्हटलं की खाली न बघताही अंगठा पोहोचतो. स्टिक आत दाबली जाते, हे मात्र हात धरून दाखवा. ते कुणालाच आपणहून सुचत नाही. आणि त्यांच्या हातातून कंट्रोलर काढून घेऊ नका. मागितला तरच घ्या.

दोन्ही अंगठ्यांचा सराव ‘माइनक्राफ्ट’च्या पीसफुल मोडमध्ये करा. तिथे राक्षस नाहीत, भूकही घटत नाही. एक झाड निवडा आणि त्याच्याभोवती गोल फिरायला सांगा. झाड स्क्रीनच्या मधोमध राहिलं पाहिजे. पंधरा मिनिटं पुरे. त्याआधी कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे फिरण्याचा वेग, कमी करा. स्टिक वर ढकलल्यावर नजर खाली जावी असं त्यांना वाटत असेल तर इन्व्हर्ट चालू करा. मळमळलं तर लगेच थांबा, रेटू नका.

‘इट टेक्स टू’ (2021) दोघांसाठीच बनलेला आहे, म्हणून सगळे तोच आधी सुचवतात. तो झाडाची फेरी जमल्यावरच काढा: त्यात सुरुवातीपासूनच दोन्ही स्टिक, दुहेरी उडी आणि डॅश (झटकन पुढे झेपावणं) लागतात. जोडीदार दुसऱ्या शहरात असेल तर एकाने गेम विकत घेतला की पुरतं. दुसऱ्याने फ्रेंड्स पास (विकत घेतलेल्याबरोबर खेळण्यापुरती गेमची प्रत) मोफत उतरवून घ्यायचा.