सहायक टोलीनायक झालात? या चुका टाळा

स्काउट पथकातल्या एका टोलीचा सहायक नायक झाल्याची पट्टी खिशावर शिवून झाली की घरी फोटो निघतो, आजीला नमस्कार होतो, आणि पुढच्या सभेपासून पोराला कळेनासं होतं की आपण नेमकं करायचं काय. टोलीनायकाचं काम सगळ्यांना दिसतं. सहायकाचं दिसत नाही, म्हणून त्याच्या चुकाही उशिरा लक्षात येतात. इंदूरच्या पथकात मुलांबरोबर काम करताना पुन्हापुन्हा पाहिलेल्या या चुका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे "नायक आला नाही तरच माझं काम" असं समजणं. इंदूरजवळच्या चोरलच्या हाईकच्या सकाळी आमचा एक टोलीनायक तापाने फणफणला. सहायक वेळेवर हजर, गणवेश कडक, स्कार्फ नीट. पण प्रथमोपचाराची पेटी कुणाच्या घरी आहे, दम्याचा पंप कुणाला लागतो, शिधा कुणी काय आणायचा ठरलाय, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सगळं नायकाच्या वहीत, आणि वही नायकाच्या उशाशी! तासभर फोनाफोनी झाली. त्यात त्या मुलाचा दोष कमी, आम्हा मोठ्यांचा जास्त. तेव्हापासून टोलीची वही एकच; एक आठवडा नायकाकडे, एक आठवडा सहायकाकडे. सभा संपल्यावर दोघांनी पाच मिनिटं थांबून ती वाचायचीच.

याच्या उलट चूक उत्साही मुलं करतात. नायक म्हणतो तंबू इथे लावू, सहायक तिथल्या तिथे म्हणतो नको, तिकडे. लहान मुलं दोघांच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. नायकाचं चुकतंय असं वाटलं तर त्याला बाजूला घेऊन सांगा. नाहीच पटलं तर तो विषय मानसभेत, म्हणजे टोलीनायकांच्या बैठकीत, येऊ द्या. धोका दिसत असेल तेव्हा मात्र थांबू नका, सरळ ओरडा.

एक गोष्ट खास आपल्या मराठी मुलांसाठी. आमच्याकडे आज्ञा हिंदीत होतात, टोलीत सगळ्या घरांतली मुलं असतात. पण सहायक आणि त्याचा शेजारचा मित्र मराठी निघाले, की आपापसांत मराठीतून कुजबुज आणि हसणं सुरू होतं. त्यात वाईट काही नसतं, तरी तिसऱ्याला वाटतं आपल्यावरच हसताहेत. टोलीत असताना टोलीला कळेल असंच बोला. घरी जाताना सायकलवर हव्या तेवढ्या गप्पा मारा.

आता दोरीकडे येतो, कारण शिबिरात सहायकाची खरी परीक्षा तिथे असते. काठ्या दोरीने बांधून केलेली भांडी ठेवायची मांडणी डगमगते, धाकटा रडकुंडीला येतो, आणि दादा त्याच्या हातातली दोरी घेऊन स्वतःच बांधून टाकतात. मांडणी उभी राहते, पण मुलगा काहीच शिकत नाही. त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसा आणि तीन गोष्टी पाहा. सुरुवात खुंटा गाठीने झाली का? या गाठीत दुसरा वेढा पहिल्यावरून तिरका जाऊन टोक त्या तिरक्या दोरीखालून निघालं पाहिजे. दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे एकमेकांना चिकटून बसले का? आणि काठ्यांच्या मधून, त्या वेढ्यांवरून आडवे कसणारे दोन वेढे दिले का? दहातल्या आठ वेळा हे शेवटचेच राहिलेले असतात. ते देताना पाय काठीला रोवून दोरी ओढायला सांगा. दोरी करकरते, काठ्या हलायच्या थांबतात, आणि त्या मुलाचा चेहरा बघावा! बाफल्यांचंही, म्हणजे बाटीसारख्या कणकेच्या गोळ्यांचंही, तसंच: कणीक मळणं, पाण्यात उकळणं, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजणं हे सगळं मोठ्यांनी करायचं आणि लहानांनी नुसता लसूण सोलायचा, असं करू नका.

कामांच्या पाळ्या लावताना जिगरी दोस्ताला सूट देऊ नका, एवढं सांगितलं तरी पुरे.

कुणी कुणाला छळतंय, कुणाला लागलंय, कुणी घाबरून झोपत नाहीये, अशी गोष्ट "दादा, सरांना सांगू नका" म्हणून तुमच्याकडे आली तर ती पोटात ठेवू नका. त्याला सांगा, "मी तुझ्यासोबत येतो," आणि लगेच स्काउटमास्तरांकडे जा. ही चुगली नव्हे.

शेवटची चूक चालण्यातली. हाईकला नायक पुढे असतो, आणि सहायकही हळूहळू त्याच्या बरोबरीने चालू लागतो. तुमची जागा सगळ्यांच्या मागे आहे. टोली सहा-आठ जणांचीच असते, तरी बुटाची नाडी बांधायला थांबलेला एक जण वळणाआड सहज राहून जातो. चालत्या माणसांची डोकी मोजू नका. ती हमखास चुकतात. निघताना प्रत्येकाला क्रमांक द्या. ओढा ओलांडला, बस आली, विश्रांती संपली, की सगळ्यांना उभं करून क्रमांक म्हणायला लावा. शेवटचा आकडा ऐकू आला की मगच पुढे निघायची शिट्टी द्या.