महागडं स्मार्टवॉच कसं सांभाळावं: घाम, खारं पाणी, बॅटरी आणि पट्टा

२०१५ साली ॲपलने आपल्या पहिल्या घड्याळाची १८ कॅरेट सोन्याची आवृत्ती काढली. अमेरिकेत तिची किंमत १०,००० डॉलरपासून १७,००० डॉलरपर्यंत होती. आतली चिप मात्र ॲल्युमिनियमच्या स्वस्त घड्याळात होती तीच. २०१८ मध्ये घड्याळाची नवी चालक प्रणाली, वॉचओएस ५, आली आणि ती त्या पिढीच्या कोणत्याच घड्याळावर चालेना, सोन्याच्यासुद्धा. त्याच २०१५ मध्ये स्विस घड्याळ कंपनी टॅग ह्युअरने ‘कनेक्टेड’ नावाचं १,५०० डॉलरचं स्मार्टवॉच बाजारात आणलं. दोन वर्षांनी आणखी १,५०० डॉलर भरा आणि ते देऊन काट्यांचं यांत्रिक घड्याळ घेऊन जा, अशी सोय कंपनीने सुरुवातीलाच ठेवली होती.

आजोबांचं घड्याळ नातवाच्या हातात जातं, तसं स्मार्टवॉचचं होत नाही. टायटॅनियम, सोनं, नीलमणी काच हे सगळं पंचवीस वर्षं टिकेल. आतली बॅटरी आणि पाणी अडवणारं सील टिकणार नाही. म्हणून काळजी घ्यायची ती आधी खराब होणाऱ्या गोष्टींची: सील, बॅटरी, चावी (कडेचं फिरणारं बटण), बारीक छिद्रं आणि पट्टा. चकचकीत बाहेरचा भाग बहुतेक वेळा स्वतःची काळजी स्वतः घेतो. खाली उदाहरणं मुख्यतः ॲपल वॉच अल्ट्राची आणि गार्मिनच्या मार्क (MARQ) मालिकेची घेतली आहेत, पण पद्धत कोणत्याही महागड्या स्मार्टवॉचला लागू पडते.

काच आणि केस

नीलमणी काचेची कठीणता १ ते १० च्या मोह्स मापावर ९ आहे. वाळूतला क्वार्ट्झ ७. म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूने किंवा स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याने ही काच सहसा चरत नाही. ओट्यावर घड्याळ घासल्यावर दिसणारा ओरखडा काचेवर आहे की कडेच्या धातूवर, ते नखाने तपासा. बहुतेकदा तो धातूवरच असतो, कारण टायटॅनियम वजनाला हलकं आणि मजबूत असलं तरी पृष्ठभागाला पोलादाइतकंच चरतं. काच कठीण असते, पण लवचिक नसते. लोखंडी दाराच्या चौकटीवर कडा आपटली तर चरा न पडता थेट टवका उडतो, आणि टवका उडालेल्या कडेतून पाणी आत जायला वाट मिळते. टवका दिसला की पोहणं बंद.

सिरॅमिक केसवर ओरखडे जवळजवळ पडत नाहीत, पण फरशीवर पडली तर ती फुटते. काळ्या कोटिंगच्या केसला पडलेला चरा भरून निघत नाही. तिला पॉलिश करायला कुणाच्याही हाती देऊ नका, कोटिंगच निघून जाईल. ब्रश फिनिश टायटॅनियमलाही भांड्यांची घासणी किंवा टूथपेस्ट लावू नये. रेषांची दिशा बिघडली की तो डाग मूळ ओरखड्यापेक्षा जास्त नजरेत भरतो.

पाणी: खरा शत्रू साबण

५० मीटर किंवा १०० मीटर हा आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा आहे. घड्याळ नवं, पाणी साधं आणि तापमान ठरलेलं. अल्ट्राला १०० मीटरचं मानांकन आणि ४० मीटरपर्यंत हौशी डायव्हिंगची मुभा आहे. ॲपलच्या साध्या मालिकेच्या ५० मीटरवाल्या घड्याळाने तलावात पोहावं, पण स्कूबा करू नये. मानांकन कितीही असलं तरी पाणी अडवण्याची ताकद कायमची नसते. यांत्रिक घड्याळाचं रबरी वॉशर घड्याळजी बदलून देतो, मशीनवर दाब तपासून देतो. ॲपल वॉचचं सील पुन्हा तपासता येत नाही आणि पुन्हा बसवताही येत नाही, असं कंपनी स्वतःच सांगते. म्हणून ते झिजू न देणं एवढंच आपल्या हातात उरतं.

सील झिजवतात त्या रोजच्याच वस्तू: साबण, शाम्पू, अत्तर, सनस्क्रीन, डासांचं मलम, केसांचं तेल. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, आणि साधं पाणी जिथे अडलं असतं त्या फटीत साबणाचं पाणी शिरतं. त्यात गरम पाण्याची वाफ मिसळली की धातू, काच आणि गोंद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्यामुळे पोहताना घड्याळ हातात चालेल, पण आंघोळीला आणि वाफ घ्यायला काढून ठेवा. अत्तर किंवा मलम आधी लावा, सुकू द्या, मग घड्याळ चढवा.

समुद्राचं वेगळं आहे. तारकर्लीला किंवा गोव्यात पाण्यात उतरलात आणि घड्याळ तसंच सुकू दिलंत, तर चावीच्या खोबणीत आणि स्पीकरच्या छिद्रांत मिठाचे खडे तयार होतात. पहिली खूण म्हणजे चावी फिरताना बारीक करकर जाणवते. नंतर ती दाबली जाते पण परत वर येत नाही. मुंबई आणि कोकणपट्टीत पाण्यात न उतरताही, नुसत्या घामाने हेच होतं, फक्त सावकाश.

धुण्याची पद्धत अशी. घड्याळ बंद करा, चार्जरवरून काढा, चामड्याचा पट्टा असेल तर तोही काढा. नळ अगदी बारीक सोडा आणि कोमट गोड्या पाण्याच्या धारेखाली चावी १० ते १५ सेकंद धरा. धार चालू असतानाच चावी दोन्ही बाजूंना फिरवत राहा आणि मधूनमधून दाबा, म्हणजे दांड्याभोवतीचं पाणी आतबाहेर होतं आणि साचलेलं मीठ, तेल निघून येतं. साबण नको. मग धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपा. जुनं सुती धोतर किंवा चष्म्याचं कापड उत्तम. पाण्याचा जोर महत्त्वाचा: टॉयलेटचा जेट किंवा हँड शॉवर छिद्रांवर मारू नका. छिद्रात टाचणी, टूथपिक घालू नका. स्पीकरजवळच्या त्या छिद्रांमागे हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असू शकतो, आणि तो भोसकला गेला तर उंचीचे आकडे कायमचे चुकतात.

पोहण्याआधी वॉटर लॉक (पाण्यात पडद्याचा स्पर्श बंद ठेवणारी सोय) लावा. बाहेर आल्यावर चावी दाबून धरली की घड्याळ आवाज काढून स्पीकरमधलं पाणी उडवतं. तरी आवाज दबका येत असेल तर स्पीकरची बाजू खाली करून काही तास ठेवा. बहुतेकदा तेवढं पुरतं.

पाण्याइतकीच एक घरगुती गोष्ट सांगायला हवी: कणीक. मळताना चावीच्या फटीत गेलेलं पीठ सुकल्यावर खडूसारखं घट्ट होतं, आणि वरून पुसून जात नाही. कणीक मळायच्या आधी घड्याळ काढा. रंगपंचमीलाही तेच, कोरडा रंग मायक्रोफोनच्या जाळीत बसला की फोनवर समोरच्याला आपला आवाज लांबून येतो.

बॅटरी

ॲपलच्या म्हणण्यानुसार घड्याळाची बॅटरी १,००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी बनवलेली असते. पूर्ण चार्ज म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो दोन दिवसांत मिळून का होईना. रोज जवळपास सगळी बॅटरी संपवणारं घड्याळ पावणेतीन वर्षांत तिथे पोचतं. अल्ट्राच्या पहिल्या दोन पिढ्यांची बॅटरी ३६ तास चालते, म्हणजे दिवसाला साधारण दोन तृतीयांश. तिला चार वर्षं लागतात. महागड्या मॉडेलमध्ये मोठ्या बॅटरीचा खरा फायदा हा आहे. सेटिंग्जमधल्या बॅटरी हेल्थमध्ये आकडा वर्षातून दोनदा पाहून ठेवा. तो ८० च्या खाली गेला की बॅटरी अधिकृत केंद्रातच बदला. बाहेर उघडलेल्या घड्याळाचं सील संपलं असं समजायचं.

बॅटरीला सगळ्यात वाईट म्हणजे उष्णता, आणि त्यातही पूर्ण चार्ज असताना सोसलेली उष्णता. मे महिन्यात नागपुरात बाहेरच ४५ अंश असतात. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ६० च्या पुढे सहज जातात. तिथे घड्याळ ठेवू नका. चार्ज करताना खोलीचं तापमान ३५ अंशांच्या खाली हवं. चार्जर उशीखाली, गादीवर किंवा खिडकीतल्या उन्हात नको. ऑप्टिमाइज्ड चार्जिंग (गरजेच्या आधीच पूर्ण चार्ज होऊ न देणारी सेटिंग) चालू ठेवा. घड्याळ तापवणारे नकली गोल चार्जर घेऊ नका; लाखभराच्या घड्याळाला पाचशेचा चार्जर लावणं परवडत नाही.

गार्मिनसारख्या घड्याळांत मागे उघडे धातूचे टोक असतात. व्यायामानंतर घामाने ओलं असतानाच चार्जर जोडला, तर घाम आणि वीज मिळून ती टोकं गंजतात. आधी हिरवट, मग काळी पडतात, आणि चार्जिंग तुटक होतं. कोरडं पुसा, दहा मिनिटं थांबा, मग जोडा.

काच एका कडेने किंचित उचललेली वाटली, किंवा कडेतून उजेड दिसला, तर बॅटरी फुगली आहे. काच परत दाबून बसवू नका, चार्ज करू नका. बंद करून सरळ सेवा केंद्रात न्या.

चार्जरमध्ये चुंबक असतं. अनेकांच्या घरी स्मार्टवॉचसोबत चांगलं यांत्रिक घड्याळही असतं आणि रात्री दोन्ही एकाच टेबलावर ठेवली जातात. यांत्रिक घड्याळातली बारीक केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली गेली की ते घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. दोघांत हातभर अंतर ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या छातीपासूनही चार्जर दूर.

पट्टा आणि कातडी

रबरी पट्टा घड्याळापासून सोडवून, सौम्य साबण आणि पाण्याने आठवड्यातून एकदा धुवा. पांढऱ्या किंवा फिकट पट्ट्यावर हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका. धुऊन फक्त पट्टा सकाळच्या उन्हात दोन-तीन तास ठेवा. हळदीतला पिवळा रंग उन्हाने फिका पडतो. जीन्सच्या निळ्या डागाला हा उपाय चालत नाही. धातूच्या साखळीला कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ ब्रश पुरे. कड्यांच्या सांध्यातली काळी मळी निघाली की साखळी पुन्हा मोकळी वळते.

चामड्याचा पट्टा पावसाळ्यात वापरूच नये, असं आमचं ठाम मत आहे. भिजला तर सावलीत सपाट सुकवा, हेअर ड्रायर नको. जूनमध्ये तो पुसून, पूर्ण सुकवून, कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर ऑगस्टपर्यंत त्यावर बुरशी येते.

पट्टा बदलल्यावर खट् आवाज आला पाहिजे. हलका ओढून बघा. स्प्रिंगची पिन वाकली असेल तर तीच परत लावू नका. घड्याळं हरवण्याचं आणि फुटण्याचं हे फार साधं कारण आहे.

मनगटावर लाल चट्टा आला की लगेच धातूची ॲलर्जी समजू नका. बहुतेकदा आत अडकलेला घाम आणि साबण त्याचं कारण असतं. रोज तासभर हात मोकळा ठेवा, मागची बाजू ओल्या कापडाने पुसा, आणि एरवी पट्टा बोट जाईल इतका सैल ठेवा. व्यायामाला मनगटाच्या हाडाच्या वर, थोडा घट्ट. सैल राहिला तर नाडीचे आकडे उड्या मारतात. गोंदणाची शाई सेन्सरचा उजेड अडवते, तिथे दुसऱ्या हातात घाला. आणि छातीत दुखत असेल तर ईसीजीचा ॲप उघडत बसू नका, डॉक्टरांकडे जा: ॲपल वॉच हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही.

काचेच्या आत धुकं दिसलं तर

लगेच बंद करा आणि चार्जरवर ठेवू नका. ओलाव्यात वीज गेली की सर्किट गंजतं. तांदळाच्या डब्यात पुरणं हा जुना उपाय इथे उलटा पडतो, कारण तांदळाची भुकटी छिद्रांत जाऊन बसते. धुकं दोन तासांत आपोआप गेलं तरी सेवा केंद्रात दाखवा. आत वाट झाली आहे, ती बुजलेली नाही.

जुनं घेताना आणि विकताना

जुनं ॲपल वॉच घेताना मूळ बिल मागा, सेटिंग्जमधला अनुक्रमांक बिलाशी ताडा, आणि तुमच्या समोर ते तुमच्या फोनला जोडून बघा. ॲक्टिव्हेशन लॉक (घड्याळ आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याला बांधून ठेवणारं कुलूप) उघडला नसेल तर ते घड्याळ शोभेची वस्तू आहे. परदेशातून आणलेलं सेल्युलर मॉडेल असेल तर भारतातल्या जिओ किंवा एअरटेलच्या नेटवर्कवर ते चालतं का, तेही पैसे देण्याआधी बघा.

विकताना हा क्रम ठेवा:

१. घड्याळ आणि आयफोन जवळजवळ ठेवा. फोनवरचं वॉच ॲप उघडून ‘ऑल वॉचेस’मध्ये जा.
२. घड्याळाशेजारचं माहितीचं चिन्ह दाबा आणि ‘अनपेअर’ निवडा. सेल्युलर प्लॅन ठेवायचा की काढायचा हे विचारलं जाईल. विकायचं असल्याने काढा.
३. ॲपल खात्याचा पासवर्ड द्या. यानेच ॲक्टिव्हेशन लॉक निघतो. नुसतं घड्याळावरून ‘इरेज’ केलं तर लॉक तसाच राहतो, आणि घेणारा महिन्याभराने तुम्हाला फोन करतो.
४. ‘स्टार्ट पेअरिंग’चा संदेश आला म्हणजे काम झालं. फोनवर बॅकअप आपोआप झालेला असतो. नवं घड्याळ घेतल्यावर तो तिथे उतरवता येतो.
५. सेल्युलर सेवेचं मासिक शुल्क लागत असेल तर मोबाइल कंपनीकडेही ती बंद केल्याची खात्री करा. घड्याळावरून प्लॅन पुसला तरी बिल चालू राहू शकतं.